डिस्कससाठी आधी पिंप, मग टाकी

डिस्कस पाळायचं मनात आलं की माणूस आधी काचेच्या टाक्या बघायला जातो. चार फुटी घ्यावी की पाच फुटी, स्टँड लोखंडी की लाकडी, मागे कुठलं चित्र लावावं, यात पंधरवडा जातो आणि पाण्याचा विचार मासे घरी आल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. डिस्कस पाळणाऱ्याची पहिली खरेदी म्हणजे पाणी साठवायचं पिंप. आठवड्याला किती लिटर पाणी तुम्ही साठवून, त्यातलं क्लोरिन घालवून, २९ अंशांपर्यंत गरम करून तयार ठेवू शकता, हा आकडा आधी काढा. टाकी केवढी आणि मासे किती, हे त्या आकड्यावरून आपोआप ठरतं.

एवढा पाण्याचा आग्रह का, हे माशाच्या मूळ घराकडे बघितलं की समजतं. डिस्कस ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी ब्राझीलहून आलेल्या नमुन्यांवरून १८४० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कुळ सिक्लिडचं, म्हणजे एंजलफिशचा हा नातलग. नदीच्या मुख्य प्रवाहात तो राहत नाही. काठच्या तळ्यांत, पुरात बुडालेल्या जंगलात, पाण्यात कोसळलेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये तो कळपाने असतो. तिथलं पाणी संथ, उबदार, क्षार जवळजवळ नसलेलं, आणि रिओ निग्रोसारख्या नदीत तर कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचं. अशा अवाढव्य पाण्यात माशांची घाण साठून राहायचा प्रश्नच येत नाही. तोच मासा आपण ३०० लिटरमध्ये आणतो, आणि शिवाय त्याला भरपूर प्रथिनांचा खुराक देतो, कारण त्याशिवाय तो वाढत नाही. खाणं जास्त, पाणी गरम, जागा थोडी. मग पाणी खराब होण्याचा वेगही तसाच.

एक दिलासा मात्र आहे. बाजारात मिळणारे डिस्कस बहुतेक सगळे फार्मवर पैदास केलेले असतात. रेड टर्क्वाइज, ब्लू डायमंड, थायलंडमध्ये तयार झालेला पिजन ब्लड या जाती पिढ्यान्‌पिढ्या साध्या पाण्यात वाढल्या आहेत. त्यांना पीएच ६.५ ते ७.५ यांमधलं कुठलंही स्थिर पाणी चालतं. ॲमेझॉनचं आम्लधर्मी पाणी घरात तयार करायची धडपड अंडी-पिल्लं घ्यायची असतील तेव्हा करावी. पीएच खाली आणायच्या बाटल्या विकत घेऊन आज ६, उद्या ७.५ असं पाणी हलवत ठेवण्यापेक्षा ७.४ वर शांत राहिलेलं पाणी माशाला कितीतरी मानवतं.

आता हिशेब. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी १२ घनफुटांची, म्हणजे काठोकाठ ३४० लिटरची झाली. वरची रिकामी जागा आणि आतलं सामान वजा केलं की प्रत्यक्षात ३०० लिटर पाणी राहतं. वाढलेल्या डिस्कसला प्रत्येकी ४० ते ५० लिटर धरावेत, म्हणजे या टाकीत सहा मासे सुखाने राहतील. यापेक्षा लहान टाकीच्या वाटेला जाऊ नका, कारण डिस्कस पाचाहून कमी ठेवणं चुकीचं आहे. दोघातिघांत जो दांडगा असतो तो एकाच माशाच्या मागे लागतो आणि त्याला खाऊ देत नाही. सहा जण असले की ती दांडगाई सगळ्यांत वाटली जाते.

या टाकीतलं निदान एक तृतीयांश पाणी आठवड्यातून दोनदा बदलायचं आहे. एका वेळेला १०० लिटर, आठवड्याला २००. हे वाढलेल्या माशांसाठी कमीत कमी. तुम्ही दोन-अडीच इंचाची पिल्लं आणणार असाल तर रोज निम्मं पाणी बदलायची तयारी हवी, कारण त्या वयात अस्वच्छ पाण्यात खुंटलेला मासा पुढे कधीच भरून निघत नाही. म्हणूनच पहिल्यांदा पाळणाऱ्याने चार इंचांच्या आसपासचे मासे घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. किंमत जास्त पडते, पण वाढीचा नाजूक काळ दुसऱ्या कोणीतरी नीट पार पाडलेला असतो.

हे आकडे घरच्या पाण्यावर बसवून बघा. तुमच्याकडे पाणी दिवसातून किती वेळ सुटतं? २०० लिटरचं निळं पिंप ठेवायला बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये जागा आहे का? तिथून टाकीपर्यंत पाइप पोचतो का? उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येत असेल, चार दिवसांआड पाणी येत असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: डिस्कस आणू नका. माणसांना पाणी मोजून मिळत असताना आठवड्याला २०० लिटर माशांवर खर्च करणं घरालाही जड जातं आणि शेवटी हाल माशांचेच होतात. जिथे पाणी बरं आहे तिथेही टाकीतून काढलेलं पाणी गटारात सोडू नये. त्यात नायट्रेट असतं. कुंड्यांना, सोसायटीच्या झाडांना ते खतासारखं लागू पडतं.

पाणी कुठलं, यावरही बरंच अवलंबून आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. हे पावसाचं साठलेलं पाणी, मुळात मऊ. डिस्कससाठी यापेक्षा सोयीचं पाणी सहसा मिळत नाही. प्रश्न येतो बोअरच्या पाण्याचा. दख्खनच्या काळ्या खडकातून वर आलेलं पाणी कठीण असतं, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५००-६०० च्या पुढे सहज जातो. टीडीएस मोजायचं पेन स्वस्तात मिळतं, तेवढं घ्याच. आकडा ३०० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. त्याहून फार जास्त असेल तर आरओचं पाणी मिसळावं लागतं. ६०० टीडीएसच्या पाण्यात तेवढंच आरओचं पाणी घातलं की तीनशेच्या आसपास उतरतं. मात्र निव्वळ आरओच्या पाण्यात मासे ठेवू नका. त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच उरलेले नसतात, आणि एखाद्या रात्रीत पीएच धाडकन खाली येऊ शकतो. घरगुती आरओ एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर टाकून देतो, तेही हिशेबात धरा.

पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन हा माशाच्या कल्ल्यांचा शत्रू. पिंपात एअर स्टोन सोडून पाणी २४ तास खळबळत ठेवलं तर क्लोरिन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. २०० लिटरला दोन ग्रॅम एरवी पुरतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे पालिका क्लोरिनचा डोस वाढवते, तेव्हा तीन ग्रॅम घाला. अंदाजावर विसंबायचं नसेल तर क्लोरिन तपासायचे ऑर्थोटोलिडीनचे थेंब मिळतात. परीक्षानळीतलं पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरिन आहे, रंगहीन राहिलं म्हणजे ते पाणी टाकीत जायला मोकळं.

मग ते पाणी गरम करायचं. पिंपात ३०० वॉटचा हीटर सोडला तर १५० लिटर पाणी २४ अंशांवरून २९ वर यायला तीनेक तास लागतात. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पिंपातलं पाणी १८ वर उतरलेलं असतं, तेव्हा सहा-सात तास धरा. काचेचा हीटर प्लास्टिकच्या पिंपाला टेकू देऊ नका, आणि पाणी उपसण्याआधी त्याचा पिन काढा. उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. पाण्यात विजेची वस्तू चालू असताना हात घालू नये, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. टाकीच्या सॉकेटवर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या, आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली लोंबेल असा झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं.

एवढी व्यवस्था झाली की टाकीकडे वळू. चार फुटी टाकीला काच निदान दहा मिलिमीटर घ्या, १२ असेल तर उत्तम. पाणी, काच, स्टँड मिळून वजन साडेचारशे किलोंच्या घरात जातं. एवढं ओझं खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे यावं. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोखंडी अँगलच्या स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा शीट आणि त्यावर टाकी. चारही बाजूंनी स्पिरिट लेव्हल लावून बघा. टाकी आणल्यावर ती गच्चीत किंवा पॅसेजमध्ये भरून दोन दिवस तशीच ठेवा. सांध्यातून थेंब जरी आला तरी तो तिथेच कळलेला बरा.

स्टँड अडीच-तीन फूट उंच असू द्या. वरून येणाऱ्या सावलीला डिस्कस बिचकतात. निसर्गात त्यांच्यावर झडप घालणारे पक्षी वरूनच येतात. टाकी डोळ्यांच्या पातळीला असेल तर तुम्ही समोरून जाताना त्यांना दिसता आणि हळूहळू ओळखूही लागता. दार उघडताच जिथे माणूस अंगावर येतो ती जागा टाळा, आणि टीव्हीच्या स्पीकरशेजारची आणि थेट उन्हाचीही.

आत काय ठेवावं, याबाबत मी रुक्ष सल्ला देईन: पहिलं वर्ष तळ उघडा ठेवा. रेती नको, गोटे नकोत, नुसती काच. उरलेलं अन्न आणि विष्ठा लगेच दिसते आणि दोन मिनिटांत पाइपने ओढून घेता येते. रेतीखाली तीच घाण कुजत राहते. टाकी ओकीबोकी वाटेल, म्हणून एक चांगलं लाकूड ठेवा, आधी आठवडाभर पाण्यात भिजवून. त्याला दोऱ्याने अनुबियास बांधा. ते रोप २९ अंशांत तग धरतं, त्याला रेती लागत नाही आणि उजेडही फार लागत नाही. मासे त्या लाकडाच्या आडोशाला जाऊन उभे राहतील आणि आडोसा आहे म्हणूनच निर्धास्तपणे बाहेर येतील. मागची बाजू फिकट निळी किंवा राखाडी असावी. काळ्या पार्श्वभूमीवर पिजन ब्लडच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके वाढतात. दिवा मंदच ठेवा. वर झाकण हवं, कारण दचकलेला डिस्कस उडी मारतो.

कोकणात आणि मुंबईत रस्तोरस्ती दिसणारा देशी बदाम इथे कामी येतो. हिवाळ्यात त्याची पानं लाल होऊन गळतात. वाहतुकीपासून लांबच्या झाडाखालची वाळकी पानं गोळा करून धुवा आणि ५० लिटरला एखादं या प्रमाणात टाकीत सोडा. पाणी किंचित तांबूस होतं, उजेड सौम्य होतो आणि नव्या माशांची भीती कमी होते. पानं विरघळायला लागली की काढून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ज्यात सगळ्यात जास्त घाई होते ते काम: फिल्टर पिकवणं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी. फिल्टरमधले एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की जातं. नव्या फिल्टरमध्ये यातलं कोणीच नसतं. त्यांची वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तो काळ टाकीत एकही मासा नसताना काढायचा आहे. ‘दोन गप्पी सोडून बघू’ हा सल्ला ऐकू नका. त्या गप्पींचे हाल होतात, आणि जाताना त्या टाकीत रोग ठेवून जातात.

फिल्टर म्हणून दोन मोठे स्पंज फिल्टर टाकीच्या दोन टोकांना लावा आणि जोडीला कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) किंवा खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी) घ्या. संप असेल तर हीटर त्यातच जातो आणि माशाला चटका बसायचा धोका राहत नाही. सगळं चालू करून तापमान २९ वर आणा आणि पाण्यात अमोनिया घाला. अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. कल्हईचा नवसागर मात्र शुद्ध नसतो. रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणा. ३०० लिटरला दोन ग्रॅम घातले की अमोनिया साधारण २ पीपीएमवर येतो. तपासायला थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर फार विश्वास टाकता येत नाही.

पहिला आठवडा-दहा दिवस काहीच घडत नाही. नळीतला रंग रोज तोच, हिरवा. इथे धीर सुटतो. मग एक दिवस अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, किटच्या नळीत गडद जांभळा रंग येतो. तो रंग दोन-तीन आठवडेसुद्धा टिकतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा नवसागर घालत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी मरतील. मुंबई-पुण्याच्या मऊ पाण्यात एक अडचण हटकून येते. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, पाण्यातला मोजका क्षार त्यात संपतो, पीएच सहाच्या खाली जातो आणि जिवाणूंचं काम थांबतं. लोकांना वाटतं फिल्टरच बिघडला. अशा वेळी १०० लिटरला एक छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून घालावा. काम पुन्हा सुरू होतं.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग तीन-चार दिवस दिसलं की फिल्टर तयार झाला. आता नायट्रेट भरपूर साठलेलं असतं. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी सत्तर-ऐंशी टक्के पाणी बदला. नायट्रेट २० पीपीएमच्या आत आलं पाहिजे. कोणाच्या चालू टाकीतला स्पंज मिळाला तर हा सगळा काळ निम्म्यावर येतो, पण त्या टाकीतले रोगही सोबत येतात. त्या माणसाची टाकी महिनोन्‌महिने निरोगी आहे हे माहीत असेल तरच तो घ्यावा. पुढे कधीही स्पंज पिळताना तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरिनने सगळी वस्ती मरेल.

तापमानाची व्यवस्था आपल्या हवेप्रमाणे करावी लागते. २८ ते ३० अंश हा डिस्कसचा मुक्काम. ३०० लिटरला एक मोठा हीटर लावण्याऐवजी दीडशे-दीडशे वॉटचे दोन लावा. थर्मोस्टॅट अडकून एखादा चालूच राहिला तरी एकटा पाणी उकळवू शकत नाही, आणि एखादा बंद पडला तरी दुसरा सकाळपर्यंत टाकी सांभाळतो. वेगळा थर्मामीटर हवाच, हीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो, पाणी ३३ च्या वर जायला बघतं. तिथली हवा कोरडी असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही. तिथे खोलीचाच एसी कामाला येतो.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो हे विसरू नका. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांना साडेसातच. त्यामुळे लाइट गेली की पहिली काळजी हवेची. एवढं पाणी तास-दोन तासांत फारसं गार होत नाही, पण बंद पडलेला कॅनिस्टर काही तासांत आतून कुजायला लागतो आणि मासेही वर येऊन धापा टाकतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप स्पंज फिल्टरला जोडला की दोन्ही सांभाळली जातात. भारनियमन असलेल्या गावात तो पंप हीटरइतकाच आवश्यक समजा. लाइट बराच वेळ गेली असेल, तर कॅनिस्टरमधलं साचलेलं पाणी फेकूनच तो पुन्हा सुरू करा.

मासे घ्यायला जाताना सकाळी जा, आणि सहाही मासे एकाच विक्रेत्याकडून घ्या. वेगवेगळ्या फार्मवरचे डिस्कस आपापले जंतू बाळगून असतात. स्वतः त्यांना काही होत नाही, पण एकत्र आले की दोन्हीकडचे आजारी पडतात. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात फिरून दोन इथून, चार तिथून घ्यायचा मोह होतो. तो आवरा. टाकीसमोर निदान दहा मिनिटं उभे राहा. शरीर गोल हवं, लांबट नको. डोळा अंगाच्या मानाने मोठा दिसत असेल तर तो मासा खुंटलेला आहे, त्याचं वय आकारापेक्षा जास्त आहे. डोक्याच्या वरची बाजू भरलेली असावी, धारदार नको. दोन्ही कल्ले सारखे हलतात का बघा. एक कल्ला मिटून दुसऱ्याने श्वास घेणाऱ्या माशात बहुधा परजीवी असतात. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात बिघाड आहे. काळवंडून कोपऱ्यात उभा असलेला मासा दया येऊन उचलू नका. शेवटी विक्रेत्याला समोर खायला घालायला सांगा. जे मासे धावत येतात ते आपले. तो नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. त्यांना काय खायला घालतो, पाण्याचा पीएच आणि तापमान काय, हेही विचारून लिहून घ्या.

घरी आणल्यावर टाकीचा दिवा बंद ठेवा आणि खोलीतही उजेड कमी करा. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळतं. पुढे काय करायचं ते मासे किती लांबून आले यावर आहे. तासाभराच्या प्रवासातले मासे असतील तर पिशवीतले मासे पाण्यासकट बादलीत घेऊन टाकीतलं पाणी अर्धा तास थोडं थोडं मिसळावं. पण विमानाने, पंधरा-वीस तास बंद पिशवीत आलेले मासे असतील तर असं करू नका. त्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो. कमी पीएचला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, आणि एक अंक चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण सुमारे दहापट होतं. मग बादलीत सावकाश पाणी मिसळणं म्हणजे माशाला त्या विषात तासभर बसवून ठेवणं. टाकीचा पीएच आणि टीडीएस विक्रेत्याच्या पाण्याजवळ आधीच आणून ठेवा, तापमान जुळलं की पिशवी उघडा आणि ओल्या हाताने किंवा मऊ जाळीने मासे लगेच टाकीत सोडा. पिशवीतला एक थेंबही टाकीत जाऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी अन्न देऊ नका. मासे काळपट दिसतील, पट्ट्यांच्या जातींच्या अंगावर नऊ उभे पट्टे गडद उमटतील, सगळे लाकडामागे जमा होतील. हे भीतीचं लक्षण आहे, आजाराचं नाही. दुसऱ्या दिवशी चिमूटभर गोठवलेल्या ब्लडवर्म्स वितळवून द्या. पंधरा मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं काढून घ्या. खाल्लं नाही म्हणून औषध टाकू नका. हातासरशी दिलेल्या अँटिबायोटिकने फिल्टर आधी मरतो आणि मग मासा. साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा धीट पुढे येऊन चावतो आणि त्याचं बघून बाकीचे येतात. आठवडा उलटूनही कोणी खात नसेल, किंवा पांढरी विष्ठा दिसत असेल, तर तेव्हा जाणकाराला दाखवून नेमकं औषध ठरवा.

खायला लागले की दिवसातून तीनदा, थोडं थोडं. जगभर डिस्कसला बीफ हार्टचं मिश्रण देतात. त्यावाचून काही अडत नाही. सोललेली कोळंबी आणि पांढऱ्या मांसाचा मासा समभाग घेऊन, थोडा उकडलेला पालक घालून मिक्सरमधून काढा. पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेवढा तुकडा मोडून द्या. सोबत चांगल्या दर्जाचे, तळाशी जाणारे दाणे. जिवंत ट्युबिफेक्स मात्र कधीही नाही. ते गटारांतून गोळा केलेले असतात, त्यांच्याबरोबर काय येईल ते सांगता येत नाही. ताजं मिश्रण दिल्यावर अर्ध्या तासाने तळ ओढून स्वच्छ करा.

पहिला महिनाभर एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा. काहीही दिसलं तर त्या दिवशी अन्न बंद आणि निम्मं पाणी बदल. नवं पाणी टाकीच्या पाण्याहून एका अंशापेक्षा गार नको. इतर मासे आणायची घाई करू नका, दोन महिने जाऊ द्या. मग रमीनोझ किंवा कार्डिनल टेट्राचा दहा-बाराचा थवा, किंवा तळाला स्टरबाय कोरिडोरस, हे २९ अंशांत टिकतात. एंजलफिश आणि सकर मात्र नको. एंजल डिस्कसच्या आधी अन्न फस्त करतो, आणि सकर रात्री त्यांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो. नवे मासे थेट टाकीत सोडू नका. दोन फुटी वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने आणि वेगळ्या बादलीने, चार ते सहा आठवडे ठेवा. त्या टाकीसाठी लागणारा स्पंज फिल्टर आजच मोठ्या टाकीत लावून ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो पिकलेला मिळेल.